खोट्या घंटेला घाबरायचं नाही

फळ्यापलीकडे



घोडपदेवच्या आमच्या शाळेत, वर्गातल्या खिडकीच्या कट्ट्यावर पुठ्ठ्याचा एक खोका ठेवलेला आहे. वर्गात विचारायला लाज वाटते असा प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा आणि खोक्यात टाकायचा. नाव लिहायची सक्ती नाही. गेल्या महिन्यात त्यात ही चिठ्ठी निघाली :

‘बाई, मी आईच्या फोनवर प्रकल्पासाठी फुलपाखराचं चित्र शोधत होते. एक पान उघडलं. पुढे जायचं असेल तर “अलाव” दाबा, असं त्यावर लिहिलं होतं. मी दाबलं. तेव्हापासून रोज फोन टिंग वाजतो आणि लाल अक्षरं येतात, की तुमच्या फोनमध्ये १३ व्हायरस आहेत, लगेच साफ करा. मी आईच्या आधी फोन उचलते आणि ते पुसून टाकते. टिंग वाजलं की माझ्या पोटात गोळा येतो. आईचे डब्यांचे सगळे हिशेब त्याच फोनवर आहेत. फोन माझ्यामुळे बिघडला का?’

आधी उत्तर देते, मग कारण सांगते. नाही, फोन बिघडलेला नाही. त्यात १३ काय, एकही व्हायरस नसण्याचीच शक्यता जास्त आहे. ती लाल अक्षरं लिहिणाऱ्याला तुमच्या फोनच्या आतलं काही दिसत नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे, की लहान-मोठं कोणीही घाबरलं की विचार न करता बटण दाबतं. त्या एका दाबण्याची तो वाट बघत असतो.

आज आपण या खोट्या घंटेचीच गोष्ट समजून घेऊ. ती कोण वाजवतं, का वाजवतं आणि ती बंद कशी करायची?

डबा एक, स्वयंपाकघरं दहा

मुंबईचा डबेवाला तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. घरून डबा घेतो आणि ऑफिसात पोचवतो. आता कल्पना करा, की एका डब्याचे चार कप्पे चार वेगवेगळ्या घरी भरले आहेत. पोळी एका घरची, भाजी दुसऱ्या घरची, आमटी तिसऱ्या घरची, आणि चौथ्या कप्प्यात काय आहे ते ज्याच्या नावाचा डबा त्यालाही माहीत नाही!

इंटरनेटवरचं पान अगदी असंच असतं. तुम्ही ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांसारख्या ॲपमध्ये, एक पत्ता टाकता. तुम्हाला वाटतं, की आपण एकाच ठिकाणी गेलो. प्रत्यक्षात ब्राउझर त्या पानासाठी अनेक ठिकाणी धावतो. मजकूर एका कॉम्प्युटरकडून आणतो, चित्रं दुसऱ्याकडून, अक्षरांचं वळण तिसऱ्याकडून आणि जाहिरात चौथ्याकडून. अशा प्रत्येक धावण्याला ‘कनेक्शन’ म्हणतात.

चौथा कप्पा, म्हणजे जाहिरातीचा कप्पा, बहुतेक वेळा पानाच्या मालकानं भरलेला नसतो. जाहिरातीची जागा मोकळी असते. पान उघडत असतानाच, डोळ्याची पापणी लवायच्या आत, तिचा लिलाव होतो आणि जो बोली जिंकतो त्याची जाहिरात तिथे बसते. या लिलावात चप्पल विकणारे येतात, शिकवणीवाले येतात आणि कधीकधी लबाड माणसंही घुसतात. म्हणून चांगल्या पानावरसुद्धा वाईट जाहिरात दिसू शकते. फुकट सिनेमा, फुकट गेम किंवा फुकट गाणी देणाऱ्या पानांवर तर ती हमखास दिसते. तिथे चौथा कप्पा कोण भरतो याची चौकशी करायला कोणी बसलेलंच नसतं.

फुलपाखराचं चित्र शोधणारी मुलगी काही वावगं करत नव्हती. तिच्या डब्यात कोणीतरी नासका कप्पा घातला, एवढंच.

उडी मारणारी खिडकी

पानावर अचानक उडी मारून जी दुसरी खिडकी उघडते, तिला ‘पॉप-अप’ म्हणतात. तिची जन्मकथा मजेदार आहे. १९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ट्रायपॉड नावाची एक वेबसाइट होती. कोणालाही तिथे स्वतःचं पान फुकट करता येई. एका जाहिरातदाराची तक्रार आली, की आमची जाहिरात भलत्याच पानावर दिसते, लोकांना वाटेल ते पान आमचंच आहे. तेव्हा तिथे काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी युक्ती काढली. जाहिरात पानावर ठेवायचीच नाही, तिच्यासाठी वेगळी छोटी खिडकी उघडायची!

युक्ती चालली आणि मग सगळ्यांनीच उचलली. एक पान उघडावं तर पाच खिडक्या अंगावर येऊ लागल्या. लोक वैतागले. २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून चक्क जगाची माफी मागितली.

तोवर ब्राउझर बनवणारेही शहाणे झाले होते. २००४मध्ये विंडोज एक्सपीच्या मोठ्या सुधारणेत मायक्रोसॉफ्टनं आपल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पॉप-अप अडवण्याची सोय दिली. दुसऱ्या काही ब्राउझरांनी ती त्याआधीच आणली होती. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझर न मागितलेल्या खिडक्या अडवतो.

मग लबाडांनी दुसरं दार शोधलं. २०१५मध्ये क्रोमनं एक नवी सोय आणली. पान बंद असलं, तरी त्या वेबसाइटला तुम्हाला सूचना पाठवता येऊ लागली. यालाच ‘नोटिफिकेशन’ म्हणतात. सोय चांगली आहे. वर्तमानपत्राची ताजी बातमी येते, क्रिकेटचा स्कोअर येतो. पण त्यासाठी वेबसाइटला तुमची परवानगी लागते. ती मागणारी छोटी चौकट येते आणि तिच्यात दोन बटणं असतात, ‘अलाव’ आणि ‘ब्लॉक’. मराठीत सांगायचं तर ‘परवानगी द्या’ आणि ‘अडवा’.

आपल्या इथून रे रोडच्या बाजूला गेलं की गोदीचं गेट लागतं. पास असल्याशिवाय आत सोडत नाहीत. ‘अलाव’ दाबणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात असा पास देणं. तो मग रोज येऊन घंटा वाजवतो. पण इथे एक आनंदाची गोष्ट आहे. पास तुम्ही दिलेला आहे, म्हणजे तो परतही तुम्हालाच घेता येतो!

पानाला फोनच्या आतलं दिसत नाही

लंगडी खेळताना आपण खडूनं चौकट आखतो आणि चौकटीबाहेर पाय गेला की खेळाडू बाद होतो. ब्राउझर प्रत्येक पानाला अशीच चौकट आखून देतो. पानानं चौकटीत काय हवं ते नाचावं, पण तुमचे फोटो, तुमचे हिशेब, तुमची बाकीची ॲप्स चौकटीबाहेर असतात. त्यांना हात लावायचा असेल, तर पानाला तुमची परवानगी मागावी लागते.

म्हणून एखादं पान ‘मी तुमचा फोन तपासला, १३ व्हायरस सापडले’ म्हणालं, तर ते थाप मारतंय. त्यानं काहीच तपासलेलं नाही. तो आकडा आधीच लिहून ठेवलेला असतो. शेजारच्या मुलानं तेच पान उघडलं, तर त्याच्याही फोनमध्ये १३च निघतील!

‘पण बाई, त्यावर आमच्या फोनच्या कंपनीचं नाव होतं आणि मुंबई असंही लिहिलं होतं,’ असं कोणीतरी म्हणेल. बरोबर आहे. पान मागवताना ब्राउझर फोनची थोडी माहिती स्वतःच पुढे करतो, म्हणजे पान त्या पडद्यावर नीट बसावं. आणि इंटरनेटच्या जोडणीवरून साधारण शहरही कळतं. पाकिटावरचा शिक्का पाहून पत्र कुठल्या गावाहून आलं ते पोस्टमनला कळतं ना, तसंच. पण शिक्का वाचता आला म्हणून पत्र वाचता येत नाही.

खोटी घंटा ओळखायच्या पाच खुणा वहीत लिहून घ्या :

१. घाई. ‘दोन मिनिटांत बॅटरी जळेल’ असं लिहिलेलं असतं आणि आकडे उलटे पळत असतात. खऱ्या सूचनेला अशी घाई नसते.

२. भीती. लाल रंग, भोंगा, थरथरणारा फोन.

३. न मागितलेली तपासणी. तुम्ही चित्र शोधत होता, फोन तपासायला सांगितलाच नव्हता.

४. बक्षीस. ‘अभिनंदन! तुम्ही फोन जिंकलात.’ ज्या स्पर्धेत नाव दिलं नाही, तिथलं बक्षीस मिळत नसतं.

५. उपाय एकच, तोही त्याच बटणावर. ‘इथे दाबा’, ‘हे ॲप घ्या’, ‘या नंबरला फोन करा.’

आपल्या चाळीत दिवसभर दारं उघडी असतात. तरीसुद्धा कोणी अनोळखी माणूस आला आणि ओरडू लागला, ‘तुमचा गॅस गळतोय, दोन मिनिटांत स्फोट होईल, मला आत घ्या आणि कपाटाची किल्ली द्या,’ तर तुम्ही काय कराल? किल्ली द्याल? नाही. शेजारच्या काकूंना हाक माराल. इथेही तेच करायचं.

पडद्यावरचे पोलीस

व्हायरसच्या भीतीपेक्षा मोठी भीती पोलिसांची. लबाडांना तीही माहीत आहे. अचानक सगळा पडदा व्यापून एक पान उघडतं. त्यावर सरकारी चिन्ह असतं. ‘तुम्ही मनाई असलेली साइट पाहिलीत, तुमचा कॉम्प्युटर कुलूपबंद केला आहे, दंड भरा, नाहीतर अटक होईल.’ खाली कार्डाचा नंबर भरायला रकाने असतात.

ऑगस्ट २०२१मध्ये दिल्ली पोलिसांनी अशाच खोट्या पोलीस-नोटिशीच्या प्रकरणात तामिळनाडूतून तिघांना अटक केली. नोटीस पॉप-अपमधून यायची आणि ३,००० रुपये दंड मागायची. रक्कम मुद्दाम फार मोठी ठेवलेली नव्हती. माणसाला वाटावं, की जाऊ दे, भरून टाकू, घरी कळायला नको. लक्षात आलं का? भीतीच्या जोडीला त्यांनी लाजेचाही उपयोग केला. पैसे भरणाऱ्यानं गप्प बसावं, हीच त्यांची सोय.

खरे पोलीस ब्राउझरच्या खिडकीत दंड मागत नाहीत, आणि पडद्यावर नोटीस दाखवून कोणाला अटकही करत नाहीत. हे वाक्य आजी-आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांनाही असे फोन आणि अशी पानं येतात.

आता हात काय करतील?

पहिला नियम, त्या पानावर कुठेही बोट लावायचं नाही. ‘नको’ या बटणावरही नाही आणि कोपऱ्यातल्या फुलीवरही नाही. ती फुली खरी नसून नुसतं चित्र असू शकते. पान बंद करायचं ते पानाच्या बाहेरून.

फोनवर असं करा :

१. आधी वायफाय किंवा मोबाइल डेटा बंद करा. म्हणजे पान पुन्हा भरू शकणार नाही.

२. होमवर या. उघडलेल्या ॲप्सची रांग आणा आणि त्यातलं ब्राउझर बोटानं सारून बंद करा.

३. ब्राउझर पुन्हा उघडा. वर चौकोनात एक आकडा दिसतो, म्हणजे उघड्या पानांची संख्या. त्यावर जाऊन ते पान काढून टाका. मग डेटा सुरू करा.

कॉम्प्युटरवर पान पडदाभर पसरलं असेल, तर एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा. मग कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबून पान बंद करा. तरी हटत नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. विंडोजची ‘टास्क मॅनेजर’ नावाची यादी उघडेल. त्यातून ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. नंतर ब्राउझर विचारेल, ‘आधीची पानं पुन्हा उघडू का?’ नाही म्हणा.

आता पास परत घ्यायचा. क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन. परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी दिसेल. ओळखीचं नाव नसेल तिथे जाऊन परवानगी काढा. काही फोनांत हे शब्द थोडे वेगळे असतील, पण यादी असतेच. त्याच साइट सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप आणि रीडायरेक्ट’ हाही रकाना आहे. तो बंद आहे ना, तेवढं बघून घ्या.

चिठ्ठी लिहिणाऱ्या मुलीनं आईच्या शेजारी बसून एवढंच केलं. यादीत तीन अनोळखी नावं निघाली. ती काढली आणि टिंग थांबली.

बटण आधीच दाबलं असेल तर?

‘अलाव’ दाबणं ही किरकोळ गोष्ट होती. काही गोष्टी किरकोळ नसतात, म्हणून त्या वेगळ्या सांगते.

ॲप उतरवलं असेल तर : खोटं पान ‘व्हायरस साफ करणारं’ ॲप घ्यायला लावतं. कधी व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून एक फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. एपीके म्हणजे पत्रिका नाही, ते आख्खं ॲप असतं. ते बसवलं की ते चौकटीबाहेर पडतं. मग ते मेसेज वाचायची, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा वाचायची परवानगी मागू शकतं. असं काही बसवलं गेलं असेल, तर लगेच फोन एअरप्लेन मोडवर टाका, म्हणजे ते ॲप बाहेर कोणाशी बोलू शकणार नाही. वायफायही बंद झालं ना, ते बघा. ॲप काढून टाका. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ नावाची तपासणी आहे, ती करा. आणि मोठ्यांना सांगून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलायला लावा.

कॉम्प्युटरवर बटणं दाबायला सांगितली असतील तर : ‘मी यंत्रमानव नाही’ अशी चौकट तुम्ही पाहिली असेल. बसची चित्रं निवडा, वाकडी अक्षरं वाचा, इथवर ठीक. पण अलीकडे तिची एक खोटी बहीण फिरते आहे. ती म्हणते, ‘तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.’ यात काय होतं बघा. पानानं गुपचूप एक आज्ञा कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या जोडीनं कॉम्प्युटरला थेट आज्ञा देण्याची जागा उघडते, दुसरीनं ती आज्ञा तिथे चिकटते आणि एंटरनं ती चालू होते. पानाला चौकट ओलांडता येत नाही, म्हणून ते तुमच्याच हातून ओलांडून घेतं. माणूस आहोत हे सिद्ध करायला अशी बटणं कधीही दाबावी लागत नाहीत.

पैसे गेले असतील तर : एक मिनिटही न दवडता १९३० या क्रमांकावर फोन करायचा. ही देशभरची सायबर मदतवाहिनी आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल, तितकी ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. आणि उपकरणात काही शिरलंय अशी शंका असेल, तर भारत सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ आहे. २०१७ साली ते सुरू झालं. साफसफाईची साधनं तिथे मोफत मिळतात.

रहिमतपूरचे कैलास काटकर

आता थोडी विश्रांती घेऊ आणि एक खरी गोष्ट ऐकू. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. शिक्षण दहावीपर्यंत. पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हा ते कॉम्प्युटरही दुरुस्त करायला शिकले. दुकानात येणाऱ्या कॉम्प्युटरांत त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. सुटे भाग धडधाकट, तरी यंत्र बिघडलेलं. कारण व्हायरस! त्यांचा धाकटा भाऊ संजय तेव्हा कॉम्प्युटर शिकत होता. त्यानं व्हायरस साफ करणारे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातूनच १९९५च्या सुमारास ‘क्विक हील’ हे अँटिव्हायरस तयार झालं. पुण्याच्या दुरुस्तीच्या दुकानातून निघालेली ती कंपनी पुढे शेअर बाजारापर्यंत पोचली.

त्या काळी मायकेलअँजेलो नावाचा एक व्हायरस होता. तो वर्षभर झोपून राहायचा आणि ६ मार्चला, त्या थोर चित्रकाराच्या वाढदिवशी, जागा होऊन डिस्कवरची माहिती पुसायचा. १९९२मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, की लाखो कॉम्प्युटर बंद पडणार. प्रत्यक्षात नुकसान त्या मानानं फारच थोडं झालं. भीतीच व्हायरसच्या पुढे धावली.

आणखी एक गंमत. तो व्हायरस पसरायचा फ्लॉपीतून. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चौकोनी चकती, तिच्यावर माहिती साठवायची. कोणी बिघडलेली फ्लॉपी यंत्रात विसरलं आणि यंत्र तसंच सुरू केलं, की व्हायरस आत. म्हणजे तेव्हाही त्याला माणसाचा हात लागायचा. आता फ्लॉपी गेली, इंटरनेट आलं, तरी बहुतेक वेळा त्याला तुमचं एक बोट लागतंच. कधीकधी जुन्या, अपडेट न केलेल्या ब्राउझरच्या भोकातून तो बोटाशिवायही शिरतो. म्हणून अपडेट करायचे. मात्र ते फोनच्या सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून करायचे. ‘तुमचा ब्राउझर जुना झालाय, इथे दाबा’ म्हणणाऱ्या पानावरून कधीही नाही.

पत्त्याचं आडनाव वाचा

वेबसाइटचा पत्ता वाचायची एक युक्ती सांगते. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा. त्यानंतर जी पहिली तिरकी रेघ येईल तिथे थांबा आणि तिथून उलटं वाचा. पत्त्याचं आडनाव तिथे शेवटी असतं. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ यात ‘गव्ह डॉट इन’ हे आडनाव फक्त सरकारलाच मिळतं. पण ‘महाराष्ट्र-गव्ह-इन डॉट कॉम’ असं दिसलं, तर? इथे ‘गव्ह’ आणि ‘इन’ नुसत्या आडव्या रेघांनी जोडलेले आहेत. ते नावाचा भाग आहेत. नाव काय, कोणीही काहीही ठेवील! आडनाव आहे ‘डॉट कॉम’, आणि ते पैसे भरून कोणालाही घेता येतं.

‘पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट चांगली,’ असं पूर्वी सांगत. ते पुरेसं नाही. कुलूप एवढंच सांगतं, की पाकीट वाटेत कोणी फोडलं नाही. पाकीट पाठवणारा सज्जन आहे, असं ते सांगत नाही. लोकांचा हाच गैरसमज होत होता, म्हणून क्रोमनं २०२३मध्ये ते कुलपाचं चिन्ह बदलून टाकलं.

आई-बाबांसाठी

पालकहो, त्या चिठ्ठीतली सगळ्यात काळजीची ओळ कोणती वाटते तुम्हाला? व्हायरसची नाही. ‘मी आईच्या आधी फोन उचलते आणि ते पुसून टाकते,’ ही. दहा-अकरा वर्षांची मुलगी रोज पहारा देत होती, एकटी. समजा, तिला त्या लाल बटणानं सांगितलं असतं, की हे ॲप घे, मग सगळं साफ होईल आणि घरी कळणार नाही? तिनं घेतलं असतं, कारण तिला फोन वाचवायचा होता आणि ओरडाही चुकवायचा होता.

आपल्यापैकी बऱ्याच घरांत फोन एकच असतो. त्याच्यावरच पगार येतो, रेशनचा मेसेज येतो, मुलांचा अभ्यास होतो. तो बिघडेल म्हणून आपण धास्तावतो, आणि धास्तीत आवाज चढतो. पण ‘फोनला हात लावशील तर बघ’ म्हटल्यानं मूल फोन सोडत नाही, सांगणं सोडतं. म्हणून एक सौदा करा. ‘पडद्यावर काहीही आलं आणि तू लगेच सांगितलंस, तर ओरडा नाही.’ सौदा एकदा तरी खराखुरा पाळून दाखवावा लागेल. मूल तुमचा चेहरा बघून ठरवतं, की पुढच्या वेळी सांगायचं की नाही.

आणि फोनचे बँकेचे पिन मुलांना देऊ नका. अविश्वास म्हणून नाही. माहीत नसलेला पिन कोणी घाबरवून काढून घेऊ शकत नाही, म्हणून.

करून पाहा

एका पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चार शब्द मोठ्या अक्षरांत लिहा : थांब. शिवू नकोस. बंद कर. सांग. चार्जिंगच्या जागेजवळ चिकटवा. मग घरातल्या मोठ्यांसोबत बसून नोटिफिकेशनची यादी उघडा आणि किती अनोळखी नावांना पास दिला गेलाय ते मोजा.

ओळखा पाहू, खरं की खोटं?

१. गेम खेळताना खिडकी उघडते, ‘तुमची मेमरी खराब झाली आहे, ३० सेकंदांत दुरुस्त करा.’

२. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम अपडेट उपलब्ध आहे’ असं दिसतं.

३. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका येते, नावाच्या शेवटी ‘एपीके’.

४. पडदाभर नोटीस येते, ‘सायबर पोलीस. दंड भरल्याशिवाय हे पान बंद करू नका.’

उत्तरं : १ खोटं. २ खरं, पण आई-बाबांना विचारून करा. ३ खोटं, मामाला फोन करून विचारा आणि त्याचा फोनही तपासायला सांगा, कारण ती फाइल त्याच्या नकळत गेली असेल. ४ खोटं, आणि आता ते पान बंद कसं करायचं ते तुम्हाला येतं.

तुमच्या यादीत किती नावं निघाली ते पोस्टकार्डावर कळवा. पुढच्या आठवड्यात आपण पासवर्डची गोष्ट पाहू. वाढदिवसाची तारीख पासवर्ड म्हणून का ठेवायची नाही आणि मग काय ठेवायचं, ते त्यात असेल.

— तुमच्या बाई